पुतळा राहू दे, आधी माळ्यावर चढा

पत्र थोडक्यात असं : लिहिणारे ४४ वर्षांचे, नोकरी मुंबईत, घर डोंबिवलीत, गाव राजापूर तालुक्यात. पाचवी ते दहावी खाडीकाठच्या एका शाळेच्या वसतिगृहात काढली. तिथले मराठीचे सर १९७४ ते २००७ अशी ३३ वर्षं शिकवत होते आणि वसतिगृहही तेच बघायचे. यंदा शिमगा आटपला आणि सर गेले. माजी विद्यार्थ्यांचा १४० जणांचा व्हॉट्सअ‍ॅप गट झाला, तेराव्याच्या आत अर्धपुतळ्याचं ठरलं, २ लाख ४० हजार रुपये जमले. ते सगळे पत्रलेखकांच्या स्वतःच्या बचत खात्यात आहेत. चाकरमानी गणपतीला गावी येतात, तेव्हाच अनावरण उरकायचं असा गटाचा हट्ट. सरांच्या पत्नी, मुलांच्या काकू, एवढंच म्हणाल्या, "तुम्ही कराल ते चांगलंच." एका वर्गमित्रानं मात्र वर्गणी नाकारली : "मला त्यांनी मारलंय. मी हार घालायला येणार नाही." गटानं त्याला कृतघ्न ठरवलं, तो गट सोडून गेला. अशातच पत्रलेखकांना आईच्या ट्रंकेत सरांनी १९९४ साली घरी पाठवलेलं पोस्टकार्ड सापडलं : "चिरंजीवांची शाईची बाटली फुटून नवा सदरा निळा झाला आहे. धक्का दुसऱ्याचा होता, चूक याची नाही. सुटीत आल्यावर रागावू नये. पेज नीट पितो." सर महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाच्या घरी असं कार्ड टाकायचे. पत्रलेखक विचारतात : पुतळ्यात माझं मन नाही, पण मागे सरलो तर म्हणतील पैसे दाबून बसला. मी काय करू? आणि हे कार्ड काकूंना दाखवू का, की त्यांना त्रास होईल?

आधी पैशांचं बोलू, कारण बाकी सगळं चार महिने थांबलं तरी चालेल, हे नाही.

तुमच्या नावावरच्या खात्यात दुसऱ्यांचे २ लाख ४० हजार पडून आहेत, तोवर तुम्ही काहीही म्हणालात तरी त्याला वास येणार. याच आठवड्यात तिघांच्या नावानं वेगळं खातं उघडा, कोणत्याही दोघांच्या सहीनं पैसे निघतील असं. तिघं वेगवेगळ्या बॅचचे घ्या, त्यातला एक गावातच राहणारा असू दे, बँकेत आणि शाळेत खेटे त्यालाच घालायचे आहेत. सगळी रक्कम तिकडे वळती करा, पासबुकाच्या पानाचा फोटो आणि देणाऱ्यांची यादी गटावर टाका. यादीत नाव आणि तारीख असावी, रक्कम नसावी. रक्कम जाहीर झाली की ज्यानं पाचशे दिले तो पुढच्या बैठकीत तोंड उघडत नाही. नवी वर्गणी थांबवा. पुतळा नको असेल तर पैसे परत मिळतील, हेही आत्ताच लिहून टाका. फार कोणी मागत नाही, पण ते लिहिलेलं असलं की तुमच्याकडे बोट दाखवायला जागा उरत नाही.

आता पुतळा. गटाला वाटतं की मोठं, पक्कं आणि दिसणारं काही उभं केलं म्हणजे सरांचं ऋण फिटलं. त्या भावनेशी माझं भांडण नाही, पण 'पक्कं' या शब्दाशी आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि खाडीकाठच्या हवेत बारा महिने मीठ असतं. फायबरच्या पुतळ्याच्या आत बहुधा लोखंडी सांगाडा असतो. बारीक चिरेतून ओल आत गेली की लोखंड गंजतं, गंजताना फुगतं आणि वरचा थर फोडून बाहेर येतं. वरचा ब्राँझचा रंग उन्हानं पांढुरका पडतो. मालवणात राजकोट किल्ल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिलेला शिवाजी महाराजांचा पुतळा ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला. तो केवढा, आपला केवढा, पण वारा तोच आणि मीठही तेच. खरा ओतीव ब्राँझ टिकतो, पण तो तुमच्या रकमेत बसणार नाही. शिवाय पुतळ्याला संस्थेचा ठराव आणि सरकारी परवानगी दोन्ही लागतात, म्हणजे गणपतीचा मुहूर्त तसाही हुकलाच.

याहून मोठी अडचण चेहऱ्याची आहे. शिल्पकाराला समोरून आणि दोन्ही बाजूंनी, चांगल्या उजेडातले फोटो लागतात. तुमच्याकडे बहुधा सेवापुस्तकातला पासपोर्ट फोटो आणि निरोप समारंभातला हारात बुडालेला फोटो, एवढंच असेल. त्यावरून जो चेहरा घडेल तो कुठल्याही चष्मा लावलेल्या गृहस्थाचा असेल. मग शाळेची सगळी वर्षं रोज बघितलेल्या माणसाच्या पुतळ्यासमोर उभं राहून तुम्ही सगळे मनातल्या मनात म्हणाल, हे आपले सर नव्हेत.

पाटीचंही तेच. जांभ्याच्या भिंतीत लोखंडी स्क्रू मारून पाटी लावली की दोन पावसाळ्यांत खाली तांबडे ओघळ येतात. जांभा सच्छिद्र, तो पाणी धरून ठेवतो आणि स्क्रू आतून खातो. पाटी लावायचीच असेल तर काळ्या ग्रॅनाइटवर कोरीव अक्षरं, ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे खिळे, आणि जागा पडवीच्या आतली. पश्चिमेच्या भिंतीवर नको, पाऊस तिकडूनच झोडपतो. कोरलेल्या अक्षरांतला रंग काही वर्षांत जातोच, म्हणून रंगाविनाही वाचता येतील इतकी खोल कोरून घ्या. पितळ टाळा, दर महिन्याला चिंचेनं घासायला कोण जाणार आहे? आणि कोरण्याआधी सेवेची वर्षं सेवापुस्तकातून तपासा. विनाअनुदानित काळातली पहिली वर्षं कधी धरलेली असतात, कधी नसतात. दगडावर चुकलेली तारीख दुरुस्त होत नाही.

कोणी झाडाचं सुचवेल. बकुळ, सुरंगी, उंडी, सगळी आपलीच झाडं, आणि कल्पना वाईट नाही. फक्त मे महिन्यात वसतिगृह रिकामं असतं, आणि रोपाला पाण्याची खरी गरज तेव्हाच असते. शाळांच्या आवारातली स्मृतिवृक्षांची रोपं मरतात ती बहुतेक याच कारणानं. कातळावर तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डा आगोटीआधी खणून माती-शेणखतानं भरून ठेवायचा, मृगाचे एकदोन पाऊस पडले की रोप लावायचं आणि पुढचे तीन उन्हाळे पाणी घालायला नावानिशी माणूस ठरवायचा, महिन्याचे पैसे देऊन. तो माणूस मिळत नसेल तर झाड लावू नका.

म्हणजे उरतं काय? तुमच्या आईच्या ट्रंकेतलं ते पंधरा पैशांचं कार्ड.

तीन दशकं महिन्याला एक कार्ड, प्रत्येक मुलाच्या घरी. वसतिगृहात एका वेळी चाळीस मुलं धरली तरी हजारो कार्डं होतात. कित्येक वाळवीनं खाल्ली असतील, कित्येक चुलीत गेली असतील, पण कोकणातल्या घरातून कागद सहसा टाकला जात नाही. तो माळ्यावर जातो, देवघराच्या कोनाड्यात जातो, सातबाऱ्याच्या पिशवीत जातो. पालगडचे साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी रोज हातानं लिहून 'छात्रालय' नावाचं दैनिक काढायचे. तुमच्या सरांचंही हे तसलंच काम, फक्त ते अंक वाडीवाडीत विखुरलेले आहेत. १९९४ चा सदरा, पेज, धक्का दुसऱ्याचा, यातून सर जेवढे दिसतात तेवढे कुठल्याही चबुतऱ्यावर दिसायचे नाहीत.

म्हणून गणपतीत अनावरण नको, शोध घ्या. एरवी बंद असलेली घरं त्या पाच-सात दिवसांत उघडी असतात, सगळे भाऊ गावी असतात आणि 'ती ट्रंक कुठे आहे' हे माहीत असलेल्या आज्या समोर बसलेल्या असतात. कार्यक्रम ठेवलात तर निम्मे लोक आरत्या, ववसे आणि परतीचं तिकीट यांतून येणार नाहीत. वसतिगृहातली आजची मुलंही तेव्हा सुटीवर असतात. कार्यक्रम जानेवारीत करा, स्नेहसंमेलनाच्या आसपासच्या एखाद्या शनिवारी. हवा कोरडी असते आणि मुलं जागेवर असतात.

कार्ड सापडलं की काय करायचं, हे गटाला आधीच कळवा, नाहीतर उत्साहात नुकसान होईल. पहिली गोष्ट, लॅमिनेशन करू नका. कोणीतरी नक्की करून आणेल, म्हणून ठळक लिहा. उष्णतेनं प्लॅस्टिक कागदाला कायमचं चिकटतं, आतली ओल आतच राहते आणि ते पुन्हा सोडवता येत नाही. दुसरी गोष्ट, ओला हात किंवा ओलं फडकं लावू नका. पेनातली निळी शाई पाण्यानं पसरते. बुरशी दिसली तर कार्ड सावलीत, वाऱ्याला, दोनतीन दिवस सुकू द्या आणि मग अंगणात नेऊन मऊ कोरड्या ब्रशनं हलकेच झटका, तोंडाला रुमाल बांधून. उन्हात ठेवू नका, शाई उडते. गणपतीत हवा दमट असते, त्यामुळे तेव्हा फक्त फोटो काढा आणि कार्ड कागदी पाकिटात ठेवा. पुढची साफसफाई दसऱ्यानंतर.

फोटो खिडकीशी, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, मोबाइल कार्डाला समांतर धरून काढा. दोन्ही बाजू घ्या, कारण तारीख बरेचदा पोस्टाच्या शिक्क्यावरच असते. गटावर फोटो म्हणून टाकलात तर व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. जुने वसतिगृहाचे फोटो अल्बमच्या प्लॅस्टिकला चिकटले असतील तर ओढून काढू नका, वरचा थर प्लॅस्टिकबरोबर निघून येतो, आहे तसाच फोटो घ्या. सुटे असतील ते ६०० डीपीआयवर स्कॅन करा आणि पाठीमागचं लिखाणही घ्या. फाइलला नाव देताना वर्ष आधी, मग आडनाव, मग गाव, म्हणजे आपोआप क्रमानं लागतात. प्रती तीन ठेवा : एक गावी, एक मुंबईत, एक ऑनलाइन. मूळ कार्डं ज्याची त्याच्याकडेच राहू देत. सगळी एका कपाटात गोळा केली की एका गळतीत सगळी जातात.

एक सांभाळायचं आहे. ती कार्डं मुलांबद्दल पालकांना लिहिलेली आहेत. त्यात फी थकल्याचं असेल, कोणी पैसे चोरल्याचं असेल, कोणी अंथरूण ओलं केल्याचं असेल. तो मुलगा आज पन्नाशीचा आहे आणि त्याच्या सुनेच्या हातात ते पुस्तक पडणार आहे. ज्याच्याबद्दल कार्ड आहे त्याचा लेखी होकार आल्याशिवाय एकही छापू नका. तो हयात नसेल तर घरच्यांना विचारा. शंका असेल ते गाळा.

कार्डांबरोबर आवाज गोळा करा. गटावर 'सरांविषयी चार शब्द लिहा' असं आवाहन केलंत तर पहिला लिहील 'देवमाणूस' आणि पुढचे एकशेएकोणचाळीस तेच लिहितील. प्रत्येकाला वेगळा निरोप पाठवा आणि तीनच प्रश्न विचारा : रात्री वीज गेली की सर काय करायचे? तुम्हाला ताप आला तेव्हा काय झालं? सरांचा कुठला शब्द अजून तुमच्या तोंडात आहे? तीन मिनिटांच्या आत बोलून पाठवायला सांगा. जे म्हातारे आहेत त्यांच्याकडे मात्र स्वतः जा, आणि पहिले तेच घ्या : स्वयंपाकीण मावशी, शिपाई, सरांचे निवृत्त सहकारी, १९७४-७५ ची मुलं. मावशींना जेवढं माहीत असेल तेवढं एकाही विद्यार्थ्याला माहीत नसणार, आणि त्यांना विचारायचं कोणाला सुचलेलं नसणार. मोबाइल एअरप्लेन मोडवर, पंखा बंद, फोन टॉवेलच्या घडीवर, बोलणाऱ्यापासून हातभर. पत्र्याच्या पडवीत पाऊस सुरू असताना रेकॉर्डिंग करू नका, घरी येऊन ऐकाल तेव्हा फक्त पाऊसच ऐकू येईल. सुरुवातीला नाव, गाव आणि साल बोलून घ्या. जुन्या मुलांचा पत्ता लागत नसेल तर मुख्याध्यापकांच्या परवानगीनं शाळेचं जनरल रजिस्टर बघा, त्यात दाखल झाल्याची आणि शाळा सोडल्याची तारीख असते.

आता तुमचा मित्र.

गटानं त्याला कृतघ्न म्हटलं ते चुकीचं होतं, आणि तुम्ही तेव्हा गप्प बसलात असं पत्रावरून दिसतं. शारीरिक शिक्षेवर बंदी आली ती २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं. तो लागू झाला १ एप्रिल २०१० ला, सर निवृत्त झाल्यावर तीन वर्षांनी. 'त्या काळी सगळेच मारायचे' हे खरं आहे, पण ते तुमच्या मित्राला सांगायचं वाक्य नाही. त्याच्या पाठीवर काळ नव्हता, छडी होती. आणि तुम्हाला आलेलं कार्ड नि त्याला बसलेला मार एकाच हाताचे असू शकतात. वसतिगृहात एका माणसाच्या ताब्यात चाळीस मुलं चोवीस तास असतात. कोणाच्या वाट्याला काय आलं हे एकमेकांना कळत नाही.

त्याला फोन करा. वर्गणीचं नाव काढू नका, समजूत घालू नका, 'पण सर मनानं...' हे वाक्य सुरू करू नका. गटात जे झालं त्याबद्दल माफी मागा आणि विचारा, तुला काही सांगायचंय का. तो नको म्हणाला तर तिथेच थांबा. सांगितलं आणि छापायला हरकत नाही म्हणाला तर ते त्याच्या शब्दांत, बाकीच्यांच्या आठवणींमध्येच छापा. शेवटी वेगळ्या पानावर नको आणि 'सर शिस्तीचे होते' असं मऊ करूनही नको. छापण्याआधी काकूंना मात्र ते दाखवा, पुस्तक हातात पडल्यावर त्यांना पहिल्यांदा कळू नये. तो जे सांगेल ते मारापलीकडचं निघालं, तर स्मृतीचं सगळं काम बाजूला ठेवा आणि त्याला काय हवंय ते आधी ऐका.

पुस्तकाचं थोडक्यात. सोळा पानांचा एक फर्मा, सहा फर्म्यांची ९६ पानं पुरेत. तीनशेच्या आत प्रती असतील तर डिजिटल छपाई स्वस्त पडते. आर्ट पेपर घेऊ नका, दमटपणात त्याची पानं एकमेकांना चिकटतात, ८० जीएसएमचा मॅपलिथो, म्हणजे बिनचकाकीचा साधा छपाईचा कागद, घ्या. गमाची बांधणी कोकणात सुटते, शिलाई मागा. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटतात, म्हणून मुद्रितं दोघांनी वाचावीत, एक सरांना ओळखणारा आणि एक अजिबात न ओळखणारा. मराठीच्या सरांचं पुस्तक आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर काय झालं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

पुस्तक आणि स्कॅनिंगला ४० हजार धरा, कोटेशनं तीन ठिकाणची घ्या. उरले २ लाख. ते पहिल्या नंबराच्या मुलाला बक्षीस म्हणून देऊ नका, त्याला बक्षिसं मिळतच असतात. साडेसहा टक्क्यांनी वर्षाला १३ हजार व्याज येईल. त्यातलं पावभर, ३,२५० रुपये, मुद्दलात परत टाका, नाहीतर वीस वर्षांनी त्या व्याजात काही येणार नाही. राहिलेले ९,७५० रुपये वसतिगृहाच्या रेक्टरच्या हातात अडीनडीला : फुटलेला चष्मा, घरी कोणी गेलं तर रातोरात पाठवायचं भाडं, मुलीच्या पॅडचं पाकीट. एका वेळी पाचशेपर्यंत कोणाला न विचारता, वहीत नोंद करून, तिमाहीला हिशोब. सर असला खर्च खिशातून करायचे का, हे मावशींना विचारा, मला वाटतं करायचे. रक्कम शाळेच्या संस्थेला देताना पत्रात 'कायम निधीसाठी, फक्त व्याज या कामासाठी' असे शब्द हवेत. नुसती 'देणगी' लिहिलंत तर ती वर्षाच्या सर्वसाधारण जमेत जाऊन खर्चून जाते. संस्थेकडे देणगीवरच्या आयकर सवलतीची मान्यता (८०जी) असेल तर जुनी करपद्धत निवडणाऱ्या देणाऱ्यांना करात सवलत मिळते, पण दोन हजारांवरची रोख रक्कम त्यात धरत नाहीत.

गटाला काय सांगायचं? 'पुतळा रद्द' असं सांगू नका, वाद होईल. तुमच्या कार्डाचा फोटो टाका, दोन्ही बाजूंचा, आणि खाली लिहा : 'आईच्या ट्रंकेत सापडलं. तुमच्याकडे आहे का बघा. अनावरण जानेवारीपर्यंत पुढे ढकलू.' तेवढंच. दहा कार्डं गटावर आली की पुतळ्याबद्दल कोण बोलतं ते बघू. त्यानंतरही बहुमताला पुतळाच हवा असेल तर तुम्ही शोधाचं काम घ्या आणि पुतळ्याचं काम दुसऱ्याकडे द्या. खातं तिघांचं झालेलं आहे, तुम्ही मोकळे आहात.

काकूंचं 'तुम्ही कराल ते चांगलंच' हा होकार धरू नका. तेराव्याच्या गर्दीत पंधरा माणसं समोर बसलेली असताना बाई दुसरं काय म्हणणार? एकटे जा, दुपारी चारच्या सुमारास, जेवणाची वेळ टाळून. पुतळ्याचा विषय काढू नका. कार्ड दाखवा, त्रास होईल म्हणून लपवू नका. नवऱ्याचं अक्षर त्यांना नवं नाही. मूळ कार्ड न्या, झेरॉक्स त्यांच्यासाठी ठेवून या. मग विचारा की सर ही कार्डं लिहायला कधी बसायचे, आणि पेटीत टाकायला कोण जायचं. चाळीस कार्डं एका बैठकीत होत नाहीत, काहींवर पत्ता काकूंच्याच अक्षरात असण्याची शक्यता आहे. तुमच्या कार्डाचा पत्ता नीट बघून जा.